पाचवे कारण

घाट उतरणारी जीप कठड्याला धडकून खाली गेली व तीत कोणी दगावले, की तेथे जमलेल्यांच्या तोंडून पहिले वाक्य बहुधा 'त्याची वेळ भरली होती' हे निघते आणि दुसरे 'ब्रेक फेल झाला म्हणतात' हे. पहिल्या वाक्याचा कर्ता काळ आहे, दुसऱ्याचा ब्रेक. ज्याची ती गाडी होती, ज्याने ती आदल्या दिवशी धुऊनपुसून उभी केली होती, ज्याला पायाखालचा ब्रेक पंधरवड्यापासून नरम लागत होता, तो मनुष्य दोन्ही वाक्यांच्या व्याकरणातून अलगद निसटलेला असतो. वकिलीच्या व्यवसायात ही दोन वाक्ये जबाबांत, कैफियतींत आणि युक्तिवादांत इतक्या वेळा भेटतात की, त्यांच्याविषयी काही लिहावे असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. दैवाच्या खात्यावर किती मांडावे, आणि आपल्या नावावर किती? त्यातही जो मनुष्य आपली गाडी आपल्याच हाताने उघडतो व जोडतो, त्याच्या बाबतीत हा हिशेब कसा करावा?

प्रश्न सर्व ठिकाणचा असला, तरी तो एका विशिष्ट भूमीवर उभा करणे बरे. पांढुर्णा व सौंसर ही नावे कोकणपट्टीतल्या व गोमंतकातल्या वाचकांस कदाचित परकी वाटतील. म्हणून इतके सांगितले पाहिजे की, सातपुड्याच्या दक्षिण अंगाचे हे दोन तालुके बोलीने मराठी आणि राज्याने मध्यप्रदेशी आहेत. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा मुलूख सीमेच्या पलीकडे राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला व सौंसर त्यात आले. संत्र्यांच्या बागा, कपाशी आणि काळी जमीन हे येथील वैभव. तीच काळी जमीन पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या पांदणीचा असा चिखल करते की, दोन चाकांच्या जोरावर चालणारी मोटार त्यात रुतून बसते. उत्तरेस छिंदवाड्याकडे जावयाचे तर सिल्लेवानीची घाटी चढावी लागते, आणि जो चढतो त्याला ती कधीतरी उतरावीही लागते.

म्हणूनच या भागात बागाईतदारांच्या गोठ्याशेजारी एखादी जुनी, चारही चाकांना जोर देणारी जीप अद्याप उभी दिसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जन्मलेली ही गाडी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत महिंद्र कंपनीच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली आणि पुढे तेथेच घडू लागली. १९८५ च्या सुमारास डिझेल इंजिनाची 'एमएम ५४०' आली; सैन्याने काढून टाकलेल्या, जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या 'जोंगा'ही क्वचित कोणाकडे आढळतात. या गाड्यांचा एक मोठा गुण असा की, त्या आपले पोट उघडून दाखवितात. आजच्या मोटारीचे बोनेट उघडले तर काळ्या झाकणाखेरीज फारसे काही दिसत नाही, व दोष शोधावयास संगणक जोडावा लागतो. जुन्या जीपमध्ये पाना, हातोडी, ग्रीसगन आणि जॅक एवढ्यावर एखादा धीराचा मनुष्य आठवड्याच्या सुट्टीत पुष्कळ काही करू शकतो. तेल बदलणे, निपलमध्ये ग्रीस भरणे, कमानपाट्यांचे बुश पाहणे, शाफ्टचा क्रॉस बदलणे, नागपूरच्या जुन्या बाजारातून एखादा गिअर शोधून आणणे, ही कामे करणारे शेतकरी, शिक्षक आणि (हेही सांगावयास हरकत नाही) वकील या दोन तालुक्यांत आहेत. यात पैशाची बचत होते, हे खरे. परंतु केवळ बचतीसाठी कोणी रविवारची दुपार गाडीखाली पाठीवर पडून काढीत नाही. वस्तू समजल्याचा एक आनंद असतो, आणि तो विकत मिळत नाही.

आता दैवाकडे वळू. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी या पाचांचे अर्थ सूक्ष्मपणे लाविले आहेत, व त्यात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हास लक्षात घ्यावयाचा आहे तो केवळ क्रम. दैव गणले आहे. ते नाकारलेले नाही. परंतु ते सर्वांच्या शेवटी आहे. कायद्याचा अभ्यास केलेल्या मनुष्यास हा क्रम पाहून एखाद्या चांगल्या चौकशीची आठवण होते. गाडी कशी होती, चालविणारा कोण होता, साधने कोणती वापरली, काय काय केले गेले, हे चार प्रश्न विचारून झाल्यावर जे उरेल ते पाचव्या स्तंभात लिहावयाचे. लोकव्यवहारात मात्र आपण चौकशी उलट्या टोकाकडून आरंभितो, आणि पाचव्या कारणाचे नाव घेताच पहिली चार विचारण्याची गरज संपली असे मानतो.

कीर्तनात दशरथाच्या रथाची कथा ऐकली नाही असा वाचक विरळा. ऐन युद्धात रथाच्या आंसाची खीळ निखळली आणि कैकेयीने त्या जागी आपले बोट घालून रथ सावरला, असे बुवा रंगवून सांगतात, व श्रोते कैकेयीच्या धैर्याने आणि त्यातून निघालेल्या दोन वरांनी थक्क होतात. ती खीळ सकाळी तपासण्याचे काम कोणाकडे होते, हा प्रश्न आजवर कोणा बुवांनी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. रामाचा वनवास ज्या वरांमुळे घडला, त्या वरांचे मूळ अयोध्येच्या रथशाळेतील एखाद्या सेवकाच्या हयगयीत असू शकेल, ही कल्पना काहींना पाखंडी वाटेल. कर्णाचे रथचक्र भूमीने गिळले ती गोष्ट निराळी. तेथे शाप होता, आणि कितीही ग्रीस भरले असते तरी शापापुढे इलाज नव्हता. आमचे म्हणणे इतकेच की, आपल्याकडे घडणाऱ्या बहुतेक गोष्टी दशरथाच्या खिळीच्या जातीच्या असतात आणि आपण त्यांची नोंद कर्णाच्या चाकाखाली करतो.

जुन्या जीपचा ब्रेक हे याचे उत्तम उदाहरण होय, व त्याची रचना थोडी समजून घेतल्याखेरीज पुढला मुद्दा नीट कळणार नाही. पायाने पट्टी दाबली की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल बारीक नळ्यांतून चारही चाकांशी जाते आणि तेथील छोट्या सिलिंडरांतून लायनर ड्रमवर दाबले जातात. नव्या गाड्यांत ही व्यवस्था दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते, म्हणजे एक भाग गेला तरी दुसरा थोडाबहुत काम देतो. जुन्या घाटणीच्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच मार्ग. एका चाकाशी रबराची वाटी फाटली, एका ठिकाणी नळीला सुईएवढे भोक पडले, की पट्टी तळाला जाते आणि चारही चाके मोकळी होतात. हातब्रेक आहे म्हणावे, तर कित्येक जुन्या जीपमध्ये त्याचा ड्रम चाकापाशी नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. शाफ्टच तुटला तर तोही निरुपयोगी.

ब्रेकच्या तेलाचा स्वभाव तर आणखी विलक्षण. ते हवेतील ओल शोषून घेते. 'डॉट ३' या प्रतीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. तेच तेल ठराविक प्रमाणात पाणी प्यालेले असले तर हा दंडक १४० अंशांवर येतो. सपाट रस्त्यावर हा फरक कोणास कळतही नाही. परंतु भरलेली गाडी घाटी उतरते आहे, चालक खालचा गिअर न टाकता पाय ब्रेकवर ठेवून आहे, ड्रम तापले आहेत, आणि तेल चार वर्षे बदललेले नाही, अशा वेळी ते उकळते. त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते पण दाब पुढे नेत नाही. पट्टी स्पंजासारखी लागते आणि मग काहीच लागत नाही. खाली पोचेपर्यंत सारे थंड झालेले असते, ब्रेक पुन्हा लागतो, व पंचनाम्यात पाहणाऱ्यास दोष सापडत नाही. यापेक्षा दैवाचे सोंग अधिक हुबेहूब कोण वठवील?

ज्याला हे ठाऊक नाही तो मनुष्य निदान आपल्या अज्ञानाकडे बोट दाखवू शकतो. ज्याने स्वतः नळ्या सोडल्या आहेत, हवा काढली आहे, काळपट पडलेले तेल डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला तीही सोय उरत नाही. येथे आमच्या एका मित्राने एकदा मोठा चतुर आक्षेप काढिला. तो म्हणाला, ज्ञानाने जर दोष वाढत असेल, तर शहाण्याने बोनेट उघडूच नये. गाडी मिस्त्रीकडे टाकावी, बिल द्यावे आणि झोपावे. आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. कायद्याने मात्र तो फार पूर्वीच ओळखला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १९० व्या कलमात धोकादायक अवस्थेतील गाडी सार्वजनिक जागी चालविणे वा चालवू देणे हा गुन्हा सांगितला आहे, आणि तेथे दोष 'ठाऊक असणे' आणि 'सामान्य काळजी घेतली असती तर जो कळून आला असता' असा दोष असणे, ही दोन्ही एकाच पंक्तीस बसविली आहेत. डोळे मिटून घेणाऱ्यास कायदा आंधळ्याची सवलत देत नाही.

तथापि सामान्य काळजी म्हणजे कोणाची? हौशी मनुष्याने केलेल्या कामाला धंदेवाईक कारागिराची फूटपट्टी लावावी काय? या प्रश्नावर १९५८ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने दिलेला एक निर्णय आहे, वेल्स विरुद्ध कूपर. एका गृहस्थाने आपल्या घराच्या मागल्या दाराची मूठ स्वतःच बदलली. काही महिन्यांनी मासळी पोचवावयास आलेला मनुष्य वाऱ्याच्या झोतात ते दार ओढून लावीत असता मूठ हातात आली व तो खाली पडून जखमी झाला. न्यायालयाने म्हटले की, घरगुती किरकोळ दुरुस्ती स्वतः करणे गैर नाही. आणि तीत अपेक्षित कौशल्य हे धंदेवाईक सुताराचे नसून बऱ्यापैकी हात असलेल्या हौशी सुताराचे होय. गृहस्थ त्या कसोटीस उतरला होता, म्हणून तो सुटला. परंतु त्याच निर्णयात न्यायमूर्तींनी एक इशाराही दिला आहे. काही कामे अशी असतात की त्यांना विशेष ज्ञान लागते व ती बिघडली तर भयंकर अनर्थ होतो. अशी कामे तज्ज्ञाकडे न देता स्वतः अंगावर घेणे, हाच काळजीचा अभाव ठरू शकतो.

दाराची मूठ आणि जीपचा ब्रेक यांत अंतर आहे हे सांगावयास न्यायमूर्ती नकोत. तरीही 'ब्रेक व स्टिअरिंग यांस हौशी मनुष्याने हात लावू नये' असा सरसकट नियम आम्ही करणार नाही, आणि त्याचे कारण आमच्या तालुक्यांची परिस्थिती हे आहे. येथे तज्ज्ञ म्हणजे कोण? हमरस्त्यावरचा मिस्त्री हा कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन बसलेला नसतो. तो कोणा उस्तादाच्या हाताखाली चाकाशेजारी बसून शिकलेला असतो. त्याच्यापाशी शंभर ब्रेकांचा अनुभव आहे, पण तुमच्या ब्रेकसाठी त्याला दिलेला वेळ एक तास आहे. मालकापाशी एकाच ब्रेकचा अनुभव आहे आणि वेळ हवा तेवढा. शिवाय मालक त्या गाडीत आपली मुलेबाळे बसविणार असतो, हे काही लहानसहान प्रमाणपत्र नव्हे. मालकाच्या हाताचा दोष निराळाच आहे. त्याला आपल्या कामाचे प्रेम असते, आणि प्रेम पारख करू देत नाही. मिस्त्री दुसऱ्याने जोडलेल्या नळीकडे संशयाने पाहतो. आपण जोडलेल्या नळीकडे आपण कौतुकाने पाहतो.

यावर आम्हास सुचणारी तोड साधी आहे. तेल, ग्रीस, प्लग, पाटे, बैठका, विजेच्या तारा ही कामे मनुष्याने खुशाल स्वतः करावी आणि चुकली तर स्वतःच्या खिशाने भोगावी. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि चाकांचे नट यांचे काम स्वतः केले तरी दुसऱ्या जाणत्या डोळ्यांखालून घातल्यावाचून गाडी फाटकाबाहेर काढू नये. नटांचा उल्लेख मुद्दाम केला. कित्येक जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो सोडावयाच्या ऐवजी आवळीत जातो, बोल्टची मान पिरगळतो, आणि पिरगळलेली मान बाहेरून धड दिसते. मनाला एक प्रश्नही विचारून पाहावा. हीच गाडी, हेच काम, आपण बरोबर नसताना आपली सून नातवंडांना घेऊन घाटी उतरणार असती, तर आपण निश्चिंत राहिलो असतो काय?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, आणि पांढुर्णा व सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचलेले आहे. त्या प्रथेचे समर्थन आम्ही करीत नाही. तीत माणसे मेली आहेत. परंतु जो तरुण त्या पात्रात उतरतो त्याला दगड दिसत असतो. शनिवारी जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनास निघालेली म्हातारी कोणाच्या जुन्या जीपमध्ये मागल्या बाकावर बसते, तिला मास्टर सिलिंडर दिसत नाही. तिने धोका पत्करलेला नाही. तो तिच्यावर तिच्या नकळत ठेवला गेला आहे. स्वतःच्या जिवाशी खेळणे आणि दुसऱ्याच्या विश्वासाशी खेळणे यांत नीतिशास्त्राने जो फरक मानिला आहे, तो इतका मोठा आहे की पहिल्याला मूर्खपणा म्हणून सोडून देता येते, दुसऱ्याला नाही.

देवळाच्या रथोत्सवात वाढलेल्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. महारथ ओढणारे शेकडो हात असतात, जयघोष असतो. पण चाकापाशी लाकडी पाचर घेऊन वाकून चालणारी दोनचार माणसे असतात, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. रथ थांबवावयाचा तो त्यांनी. ती माणसे देवाचे नाव घेतात, पण डोळा चाकावर ठेवतात. देवाचे नाव घेतले म्हणून पाचर टाकली नाही तरी चालेल, असे त्यांच्यापैकी कोणासही वाटत नाही.

मग मोटारीच्या बाबतीत आपण असे का वागतो? दसऱ्याला गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. त्याला आमचा विरोध नाही. उलट वस्तूपुढे नम्र होण्याची ही रीत आम्हाला प्रिय आहे. परंतु पोळ्याची रीत आठवून पाहावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जूं वाहिलेला खांदा ऊन पाण्याने शेकतात, हळद व लोणी लावून चोळतात. तो खांदा चोळीत असता शेतकऱ्याच्या बोटांना गाठ लागते, सूज कळते, फुटलेले कातडे दिसते. तेथे पूजा हीच तपासणी आहे. दोन्ही एकाच हाताने, एकाच वेळी होतात. बंडीच्या आंसाला वंगण घालणाऱ्यालाही आंस झिजला की नाही हे घालता घालता समजे. मोटारीच्या पूजेत मात्र हार बंपरवर येऊन थांबला; तो खाली, जेथे नळ्या गंजतात तेथे, गेलाच नाही. दसऱ्याच्या सकाळी हार घालण्यापूर्वी मालकाने एकदा गाडीखाली सरकून चारही चाकांच्या आतल्या बाजूस तेलाचा ओघळ आहे काय एवढे पाहिले, तर ती पूजा काही कमी होणार नाही असे आम्हास वाटते. पुरोहितमंडळींनीच हे सांगितले तर अधिक बरे. वकिलाचे कोण ऐकतो.

आता गंजणाऱ्या नळ्यांचा विषय निघालाच आहे, तर एक अवघड खटला सांगितला पाहिजे, कारण दैवाची खरी सीमा कोठे आहे हा वाद त्यात पणास लागला होता. १९६९ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकालात काढलेला हा खटला, हेंडर्सन विरुद्ध जेंकिन्स. पाच वर्षांची, दीड लाख मैल धावलेली एक लॉरी उतारावर असता तिचा ब्रेक एकाएकी गेला, आणि थांबलेल्या गाडीतून उतरत असलेला एक मनुष्य तिच्याखाली सापडून मेला. ब्रेकच्या नळीला गंजून भोक पडले होते. परंतु भोक पडले ते नळीच्या अशा भागात, जो नळी गाडीवरून सोडविल्यावाचून दिसूच शकत नव्हता. दिसणारा भाग मालक नेहमी तपासत होते. नळी सोडवून पाहा असे ना गाडी बनविणाऱ्यांनी सांगितले होते, ना सरकारने. मालक म्हणाले, हा गुप्त दोष. आम्ही काय करणार?

सामान्य मनुष्य येथे 'दैव' म्हणून थांबेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. पाच न्यायाधीशांपैकी दोघेही त्याच बाजूचे होते. तिघांनी मात्र निराळा प्रश्न विचारला. इतका गंज सहसा चढत नाही. मग या लॉरीवर तो का चढला? तिने कधी खारट, क्षारी, नळ्या खाऊन टाकणारा माल वाहिला होता काय? तिचा इतिहास काय? तो मालकांनाच ठाऊक असणार, आणि मालकांनी तो सांगितला नाही. गाडीचा इतिहास पुढे आणून 'आम्हाला संशय येण्यासारखे काहीच घडले नव्हते' हे दाखविल्यावाचून गुप्त दोषाची ढाल मिळणार नाही, असा बहुमताचा निर्णय झाला. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मिनू मेहता यांच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितले. यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकाने तो दोष गुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता, हे पुढे मांडून दाखविले पाहिजे.

हेंडर्सनमधील बहुमत मालकांवर फार कठोर होते काय? आम्हास प्रथम तसे वाटले होते. पुष्कळ विचारांती वाटत नाही. कारण त्यांनी मालकाला सर्वज्ञ व्हा असे म्हटलेले नाही. 'तुमच्या गाडीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असली पाहिजे' एवढेच म्हटले आहे. आमच्या बागाईतील जीप रासायनिक खताची पोती आणि शेणखत वाहते. गोमंतकातल्या व कारवारकडच्या वाचकांची गाडी खाऱ्या वाऱ्यात रात्रंदिवस उभी असते. दोघांच्याही नळ्या नागपूरच्या कोरड्या गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर जाणार, आणि हे त्यांना इतर कोणी सांगावे लागत नाही. ज्याला गाडीची गोष्ट ठाऊक आहे तो न दिसणाऱ्या भागाविषयीही अंदाज बांधू शकतो.

एवढे सारे करूनही पाचवे कारण उरतेच. घडाईच्या वेळीच धातूत राहिलेली भेग वीस वर्षांनी उघडते. काळोख्या रात्री कपाशीतून रोही उसळून काचेवर येतो. हात काळे करणाऱ्या मनुष्याच्या अंगी कधी कधी असा अहंकार येतो की, जगात दैव म्हणून काही नाहीच, आणि ज्याला अपघात झाला तो आळशीच असला पाहिजे. हा अहंकार 'वेळ भरली होती' या वाक्याइतकाच अविचारी आहे, आणि शोकाकुल घरात तो अधिक क्रूर ठरतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ कलमाची जागा न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने घेतली आहे. हयगयीने मृत्यू घडविण्याचा हा गुन्हा सिद्ध करावा लागतो, गृहीत धरता येत नाही. तेवढा सबूर आपणही शेजाऱ्याच्या बाबतीत धरावा.

स्वतः दुरुस्ती करणाऱ्याने म्हणूनच एक वही ठेवावी, असे आम्ही अशिलांना आणि मित्रांना सांगत असतो. कोणत्या तारखेला तेल बदलले, कोणती नळी नवी घातली, कोणता सांधा हलतो पण अजून चालेल असे वाटून ठेवला, हे सारे, विशेषतः हे शेवटले, तीत असावे. न्यायालयात ती उपयोगी पडते, हा तिचा लहान उपयोग. मोठा उपयोग गाडी विकावयाच्या वेळी येतो.

भारतीय करार कायद्याच्या (१८७२) सतराव्या कलमाखाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. विकणाऱ्याला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे. तो लिलावात मुकाट्याने विकतो. ही फसवणूक नव्हे. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की 'तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा धड आहे असे समजेन', तर विकणाऱ्याचे मौन हेच बोलणे होय. हे कलम लिहिले गेले तेव्हा घोड्याच्या दोषाने बहुधा विकत घेणाराच पडत असे. जीपचा दोष जामसावळीला निघालेल्या म्हातारीपर्यंत पोचतो, आणि ती त्या सौद्यात कोठेच नसते.

पांढुर्ण्याच्या बाजारात जुनी जीप पाहावयास आलेला मनुष्य बोनेट उघडून आत डोकावतो, ब्रेक दोन वेळा दाबून पाहतो आणि मग काही न विचारता मालकाच्या तोंडाकडे बघतो. त्याचे ते बघणे पहिल्या उदाहरणात मोडते की तिसऱ्या, यावर उभय पक्षांस बराच वेळ बोलता येईल. आमच्या मते वही त्याच क्षणी त्याच्या हाती द्यावी, आणि तीही किंमत ठरण्यापूर्वी. ती वाचून तो काही हजार कमी देईल, आणि कदाचित निघूनही जाईल. संध्याकाळपर्यंत दुसरे गिऱ्हाईक येते.